महादेवच्या खिशातला फ्यूज

नवी मुंबईला जाऊन आलेले लोक खाडीतले फ्लेमिंगो, पामबीचचा रस्ता आणि मॉलमधले सरकते जिने यांचं वर्णन करतात. मी पाच दिवस राहून आलो आणि यातलं काहीच धड पाहिलं नाही. फ्लेमिंगो दिसले, पण लांबून, घरमालकाच्या गच्चीवरून, आणि तेही चिखलात चोची खुपसून उभे होते. मी गेलो होतो एक खोटं यंत्र बघायला. जाताना मी माणूस म्हणून बरा आहे असं माझं मत होतं. ते आता राहिलेलं नाही.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी फोरमन आहे. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात आणि ती वाळू मळायला एक मोठा मिक्सर असतो. आमचा मिक्सर म्हणजे दोन माणसं उभी मावतील एवढी लोखंडी टाकी, आत जाड पाती आणि रोलर. वाळू चिकटून दगडासारखी झाली की माणसानं दरवाजा उघडून आत उतरायचं आणि ती खरवडून काढायची. चार वर्षांपूर्वी महादेव असाच आत उतरलेला असताना मिक्सर सुरू झाला. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की कामगारानं वीजपुरवठा बंद न करता आत प्रवेश केला. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. अहवालातली ती ओळ खोटी आहे, आणि मिक्सरचं बटण दाबणारा माणूस मीच होतो.

हे आधीच सांगून टाकलं म्हणजे पुढचं वाचताना तुमची फसगत व्हायला नको.

तुर्भ्याची एक कंपनी कारखान्यांसाठी प्रशिक्षण तयार करते. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवायचा. समोरचा खरा हॉल, खरी माणसं दिसत राहतात, आणि त्यांच्यामध्ये नसलेलं यंत्र येऊन उभं राहतं. आमच्या मालकांनी आमचा मिक्सर आणि आमचा अपघात त्यांना दिला होता. यंत्र बरोबर उतरलंय का ते बघायला त्या शिफ्टमधला कुणीतरी हवा होता, आणि त्या शिफ्टमधला कामावर उरलेला मी एकटा. निघताना मॅनेजरसाहेबांनी मला बजावलं होतं, शिंदे, मशीन तेवढं बघा, बाकीचं रिपोर्टप्रमाणं. मी हो म्हणालो. मला तुर्भ्याला जायचंच होतं, कारण महादेवची बायको शेवंता तिथं भावाकडं राहते आणि चार वर्षांत मी तिच्यासमोर गेलो नव्हतो.

सोमवार, नेरूळ

उतरायची सोय नेरूळला होती, म्हात्रे नावाच्या आगरी गृहस्थांच्या घरी. चार मजली इमारत त्यांचीच, खालच्या खोल्या ते बाहेरगावच्या माणसांना देतात. माणूस सत्तरीचा, अंगात बनियन, गळ्यात जाड सोनसाखळी, आणि बोलायला कुणी मिळालं की सोडायचं नाही. माझी खोली जिथं आहे तिथं त्यांच्या वडिलांचं भाताचं खाचर होतं आणि पलीकडं मिठागर, हे त्यांनी मी पिशवी खाली ठेवायच्या आत सांगितलं.

जेवायला सुका जवळा, तांदळाची भाकरी आणि आंबट कालवण. आमच्याकडं तांबड्या-पांढऱ्या रश्श्याशिवाय पाहुणचार होत नाही आणि मासा म्हणजे पावसाळ्यात नदीचा मिळाला तर. जवळा बघून मी जरा बिचकलो. म्हात्रे म्हणाले, "खावा पाहुने, यात काटा नाय. हाय तसा गिलायचा." खाल्ला. चांगला होता. काम काय काढलंत असं त्यांनी विचारलं तेव्हा मी चष्म्याचं सांगितलं. त्यांना ते पटेना. नसलेल्या मशीनवर हात कसा बसणार, असं त्यांचं म्हणणं. मला त्या वेळी ते अडाणीपणाचं वाटलं आणि मी शहाणपणानं अर्धा तास त्यांना समजावत बसलो. मी स्वतः तो चष्मा अजून बघितलेला नव्हता.

मंगळवार, तुर्भे

तुर्भ्याला रस्त्याच्या दोन्ही अंगांना ट्रक, टायरवाले, वेल्डिंगची दुकानं, आणि सगळ्यावर बारीक करडी धूळ. हे बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्या औद्योगिक वसाहतीचाच मोठा भाऊ. त्यात ही काचेची इमारत. आत पाऊल टाकलं की गारवा, आणि दाराशी पाटी: कृपया पादत्राणे बाहेर काढावीत. फरशीवर धूळ आली तर चष्म्याला जागा नीट ओळखता येत नाही म्हणे. मी पायातले लोखंडी टोपीचे बूट काढले आणि मोज्यांवर आत गेलो. सुरक्षिततेचं शिक्षण सुरक्षेचे बूट काढून सुरू होतं, हे मी आमच्या पोरांना सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

माझ्याबरोबर काम करायला सानिया नावाची इंजिनिअर होती. पंचविशीची, डोक्यावर ओढणी, बोलणं झपझप. उरणच्या बाजूच्या गावची, कोकणी मुसलमानांच्या घरची. आजोबा बोटीवर होते, वडिलांचं पनवेलला दुकान. पहिल्याच वाक्याला मला काका म्हणाली आणि चष्मा कसा बसवायचा ते दाखवताना, टेन्शन घेऊ नका, पहिल्यांदा सगळ्यांना चक्कर येते, असंही सांगितलं.

चक्कर आली नाही. दुसरंच झालं. रिकाम्या हॉलमध्ये, फरशीवरच्या चिकटपट्टीच्या चौकोनात, आमचा मिक्सर उभा राहिला. टाकीला एका जागी पोचा आहे, फोर्कलिफ्ट लागून पडलेला. तोसुद्धा होता. मी चार पावलं मागं सरलो आणि खऱ्या खांबाला डोकं आपटलं. सानिया हसली, मग माझा चेहरा बघून तिनं खुर्ची ओढून दिली.

हळूहळू सवय झाली. हात पुढं केला की तो लोखंडातून आरपार जायचा, आणि मला म्हात्र्यांची आठवण व्हायची. पॅनेल मात्र खरं होतं, प्लायवूडचं, त्यावर दाबलं की टचकन आवाज करणारं खरं बटण. मी चुका काढत गेलो. दरवाजा डावीकडं उघडतो, उजवीकडं नाही. रंग हिरवा आहे खरा, पण खालच्या हातभर भागावर गंज असतो. पायरी एकच आहे. ती सगळं टॅबवर टिपून घेत होती. मग मी म्हणालो, पॅनेल इथं नसतं, ते भिंतीच्या पलीकडं आहे, पॅनेलपाशी उभं राहिलं की मिक्सरचा दरवाजा दिसत नाही. ती म्हणाली, हॉल लहान आहे, भिंत घालता येत नाही, म्हणून समोरासमोर घेतलंय.

चार पावलांवर दरवाजा, सरळ डोळ्यांसमोर. आमच्याकडं असं असतं तर महादेव आज जिवंत असता. हे मी तिला बोललो नाही.

मग अपघाताचा भाग. निळ्या शर्टाचा एक कामगार चालत येतो. तोंडवळा कुणाचाच नाही, मिशी नाही, वय नाही. पॅनेलकडं ढुंकूनही न बघता दरवाजा उघडतो आणि आत उतरतो. प्रशिक्षण घेणाऱ्यानं बटण दाबायचं. भोंगा होतो, सगळा मिक्सर लाल होतो, आणि हवेत अक्षरं येतात: अपघाताचे कारण, कामगाराने वीजपुरवठा बंद केला नाही. रक्त नाही, किंकाळी नाही. अर्ध्या मिनिटात निळ्या शर्टाचा माणूस पुन्हा पहिल्या जागेवर येऊन उभा, पुढच्या माणसासाठी तयार. मी बटण दाबलं नाही. म्हणालो, हे बघितलंय मी.

दुपारी सानियानं डबा पुढं केला, तिच्या आईनं केलेली तांदळाची भाकरी आणि सुरमईचा तुकडा. जेवताना सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "काका, तुमच्याकडे तेव्हा पॅनेलला लावायचं कुलूप नव्हतं, 'आत माणूस आहे' असा टॅग नव्हता. मग आत उतरणारा माणूस काय करायचा?"

"फ्यूज काढून खिशात टाकायचा," मी म्हणालो. मला त्याचा अभिमान होता, म्हणून पटकन तोंडातून गेलं.

पॅनेलमध्ये चिनीमातीचा पांढरा फ्यूज असतो, मुठीत मावेल एवढा. तो उपसला की बटण कितीही दाबा, काही होत नाही. आमच्या शॉपमध्ये ही रीत कुणी पुस्तकातून आणलेली नव्हती. ज्याचा जीव मशीनमध्ये, त्या मशीनचा फ्यूज त्याच्या खिशात. बाहेर येऊन त्यानंच तो परत लावायचा.

सानियाचा घास हातातच राहिला. "मग ह्यांनी का नाही काढला?"

"काय माहीत," मी म्हणालो.

महादेवनं फ्यूज काढला होता. त्याच्याइतका नेमाचा माणूस आमच्याकडं दुसरा नव्हता. पण आमच्या शॉपला आणखी एक खोड होती. कुठल्या खात्याचा फ्यूज उडाला की स्टोअरला चिठ्ठी कोण लिहीत बसणार, शेजारच्या पॅनेलमधला उपसून न्यायचा. सगळे न्यायचे, सगळे त्यावरून शिव्या द्यायचे, आणि मी फोरमन म्हणून टेबलाच्या खणात दोन जादा फ्यूज ठेवायचो. त्या सकाळी साच्यांची लाइन वाळूसाठी खोळंबली होती. मी पॅनेलपाशी गेलो, फ्यूजची जागा रिकामी दिसली. शेजारच्या कोअर शॉपवाल्यांनी नेला असणार म्हणून त्यांच्या आईबापांचा उद्धार केला, खणातला फ्यूज आणून लावला आणि बटण दाबलं.

एका रिकाम्या जागेचे दोन अर्थ होते आणि मला चुकीचा सुचला. चौकशीत फ्यूजचं कुणी विचारलं नाही. पॅनेलमध्ये फ्यूज जागेवर होता, म्हणजे वीज चालू होती, म्हणजे कामगारानं ती बंद केली नव्हती. मॅनेजरनं लिहिलं, मी सही केली. महादेवच्या खिशातला फ्यूज कपड्यांबरोबर कुठंतरी गेला असणार असं मी धरून चाललो, आणि खरं सांगायचं तर तो गेला याचं मला बरं वाटलं होतं.

बुधवार, पुन्हा तुर्भे

बुधवारी अर्धा दिवस काम. दुपारी शेवंतावहिनींचा पत्ता विचारत निघालो. स्टेशनच्या पलीकडं कामगारांच्या वस्तीत पत्र्याच्या छपरांच्या खोल्या, मधे एक माणूस कसाबसा जाईल एवढी गल्ली. ती एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. दुपारची गर्दी ओसरली होती. मला बघून तिनं लाटणं खाली ठेवलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "भाऊजी, आलासा व्हय? बसा की."

चार वर्षांत एकदाही आला नाहीत, असं ती म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. तिनं गावाकडचं पाऊसपाणी विचारलं, माझ्या बायकोच्या गुडघ्यांचं विचारलं, आणि मला ताट वाढलं. इथल्या भाज्यांत गूळ घालतात, आपल्यासारखं तिखट लागत नाही, म्हणून तिनं पदराआडून स्वतःच्या डब्यातली कांदा-लसूण चटणी आणून माझ्या ताटात वाढली. मी जेवलो. त्या माणसाच्या बायकोनं वाढलेलं मी पोटभर जेवलो, याची मला अजून लाज वाटते.

नंतर ती मला भावाच्या खोलीवर घेऊन गेली. भाऊ बाळू बाजारात हमालीला, तो संध्याकाळी येतो. तिनं पत्र्याच्या पेटीतून एक डबा काढला, दार लोटून घेतलं आणि डबा माझ्यासमोर उघडला. आत महादेवचं घड्याळ होतं, आणि एका फडक्यात गुंडाळलेला पांढरा फ्यूज.

इस्पितळातून कपड्यांची पिशवी मिळाली तेव्हा पँटच्या खिशात तो होता. ती सांगत होती आणि मी फ्यूजकडं बघत होतो. बाळूनं तो ओळखला. कारखान्यातला फ्यूज खिशात कशाला असेल, उचलला असणार, असं तो म्हणाला. पुढं एकदा भांडणात, पिऊन आलेला असताना, तुझा नवरा चोर होता असं गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडला. ते शेजारी गेलं, शेजारून केंद्रात गेलं. आता केंद्रातला एखादा चमचा हरवला तरी पहिली पिशवी तिची बघतात.

"बाळूबिगर मी कुणाला दाखवला न्हाई," ती म्हणाली. "टाकून बी देता येईना. त्येंच्या अंगावरची शेवटची वस्तू. आन ती बी चोरीची."

मग तिनं विचारलं, खरंच ते असं काही करायचे का. तुम्ही त्यांचे फोरमन, तुम्हाला माहीत असणार.

मी म्हणालो, नाही, महादेव तसा नव्हता. एवढंच. मग फ्यूज खिशात का होता याचं उत्तर ओघानंच द्यावं लागलं असतं, ते मी दिलं नाही. मला परत कंपनीत पोचायचंय अशी थाप मारली आणि उठलो. ती गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, भाऊजी, तुम्ही नाही म्हणालात तेवढ्यानं बरं वाटलं. मी नेरूळला येऊन खोलीत पडून राहिलो. म्हात्र्यांनी कोळंबी केली होती, मला जेवायला उठवेना.

गुरुवार

गुरुवारी तुर्भ्याच्याच कारखान्यांतले दहा कंत्राटी कामगार पहिल्यांदा चष्मा लावायला आले होते. मोजे नसलेले, अनवाणी, फरशी गार लागते म्हणून एकेक पाय उचलत उभे. शिकवणारा तरुण चांगला होता, हसतखेळत शिकवायचा. एकेकानं बटण दाबलं, दहा वेळा निळ्या शर्टाचा माणूस आत उतरला, दहा वेळा हॉलमध्ये भोंगा झाला. मग शिकवणाऱ्यानं विचारलं, चूक कुणाची?

"कामगाराची," सगळे एका सुरात.

"का गेला असेल तो असा?"

कुणी म्हणालं घाई, कुणी म्हणालं आळस. एक जण म्हणाला, "टाकून आला असेल," आणि सगळे हसले.

मी उभा राहिलो. म्हणालो, तो माणूस महादेव होता, त्यानं फ्यूज काढून खिशात ठेवला होता, आणि मी दुसरा लावून बटण दाबलं. सगळं सांगितलं, खणातल्या फ्यूजपासून सहीपर्यंत. कुणी चष्मा काढला, कुणी तसाच ठेवून माझ्याकडं बघत होतं. त्यांना मी आणि मिक्सर एकाच वेळी दिसत असणार. एक वयस्क कामगार होता, त्यानं शांतपणे विचारलं, "मग तुमी अजून कामावर कसे?"

मी खाली बसलो.

मला वरच्या मजल्यावर बोलावलं. तिथले साहेब भले माणूस, चहा मागवला, पाणी दिलं. त्यांचं म्हणणं, आमच्याकडं तुमच्या कंपनीकडून जो अहवाल आला त्यावरच काम झालं आहे, तुमच्या तोंडी सांगण्यावर आम्हाला एक अक्षर बदलता येत नाही. सानिया शेजारी उभी होती. ती म्हणाली, फ्यूज काढून खिशात टाकतोय असं दाखवायला मला दोन तास लागतील सर. साहेब म्हणाले, प्रश्न तासांचा नाही.

परत आल्यावर काय झालं ते इथंच सांगून टाकतो. आमच्या कंपनीनं तुर्भ्याला कळवलं, यंत्राच्या दुरुस्त्या मान्य, घटनेचा भाग अहवालाप्रमाणे. मला केबिनमध्ये बोलावून विचारण्यात आलं की निवृत्तीला किती महिने राहिले. सानियाचा फोन आला होता. रोज दोन बॅचेस होतात, काका, आणि रोज तेच दाखवतात, असं ती म्हणाली.

त्या गुरुवारी साहेबांकडून निघून जिना उतरताना सानिया मागं आली होती. तोंडी सांगून उपयोग नाही, बेलापूरला जा, वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घ्या, असं तिनं सुचवलं. मग विचारलं, "काका, त्यांच्या घरी कोणी आहे?"

मी म्हणालो बायको आहे, इथंच, दहा मिनिटांवर. तिला सांगितलंय का, असं ती विचारणार हे मला कळलं, म्हणून मी आधीच नाही म्हणालो. अनोळखी दहा माणसांसमोर सांगून मला फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. ते सगळं त्या जिन्यातच उतरलं.

शुक्रवार, बेलापूर आणि तुर्भे

बेलापूरला सरकारी कचेऱ्यांच्या आसपास वकिलांची टेबलं असतात. आमच्याकडं कसबा बावड्याला कोर्टाबाहेर असतात तशीच, फक्त इथले टायपिस्ट कॉम्प्युटरवर बसतात आणि कुणी कुणाची विचारपूस करत नाही. माझ्या वकिलानं कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, यात तुम्ही स्वतःवरच घेताय, कळतंय ना. कळतंय म्हणालो. सही केली, शिक्का बसला. एक प्रत टपालानं कारखाना निरीक्षकाच्या कचेरीला पाठवली, तिचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसरी घेऊन तुर्भ्याला गेलो.

शेवंतावहिनी परातीपुढं बसली होती. मी उभ्यानंच सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर पुन्हा काहीतरी भलतंच बोललो असतो. फ्यूज चोरीचा नव्हता. आत उतरताना काढायची रीत होती, त्यानं ती पाळली. दुसरा फ्यूज मी लावला. बटण मी दाबलं. खोट्या कागदावर सही मी केली.

तिचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा शेजारच्या बाईनं ती उचलली. मी शिव्यांची वाट बघत होतो, मार बसला असता तरी चाललं असतं.

"चोरलेला नव्हता," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

"नव्हता."

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "चला."

मला वाटलं पोलिसात. ती मला पहिल्यांदा बाळूकडं घेऊन गेली. तो त्या दिवशी पाठ धरली म्हणून घरीच होता. "म्हणा," ती मला म्हणाली. मी म्हणालो, पहिल्यापासून. बाळू खाली बघत राहिला. दारूत बोललो असेन मी, असं काहीतरी पुटपुटला. तिनं पेटीतून फ्यूज काढला, फडकं पेटीतच ठेवलं, आणि फ्यूज उघडा हातात धरून मला शेजारच्या दारात नेलं. तिथं एक म्हातारी लसूण सोलत होती. "म्हणा." मग गल्लीच्या टोकाला, जिथं नळावर बायका होत्या. बायकांनी हंडे खाली ठेवून ऐकलं. एकीनं मला थेट विचारलं की तुम्हाला झोप येते का. मी म्हणालो, येते. ते खरं होतं. शेवटी केंद्रात परत, मालकिणीपुढं. ती हिशेबी बाई, सगळं ऐकून म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आणि वहिनीकडं न बघता पुढच्या डब्यांच्या तयारीला लागली.

चार ठिकाणी तेच सांगताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पहिल्यांदा वाक्यं उलटसुलट झाली होती. चौथ्यांदा मी सराईतपणे सांगत होतो, कुठं थांबायचं तेही ठरून गेलं होतं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी कीव कुठल्या वाक्याला येते, हे मला कळायला लागलं होतं. खणातल्या फ्यूजच्या वाक्याला. तिथं लोकांना वाटायचं, कुणाच्याही हातून झालं असतं.

वहिनी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. ट्रकमागून ट्रक चालले होते, रिक्षा मिळत नव्हती. मी तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"चार जागी सांगितलंसा," ती म्हणाली. "एक सांगितलं न्हाईसा."

मी रिक्षा येते का ते बघत राहिलो.

"ते घरी म्हणायचे, आमचा फोरमन हाक मारल्याबिगर बटनाला हात लावत न्हाई. फ्यूज ऱ्हाऊ दे, कुलूप ऱ्हाऊ दे, हाक मारतोच. म्हणून मला त्येंच्या कामाचं कदी भ्या वाटलं न्हाई." तिनं फ्यूज या हातातून त्या हातात घेतला. "त्या दिवशी मारली हुती का?"

साच्यांची लाइन खोळंबली होती हे कारण होतं. वीस वर्षं हाक मारत आलो होतो आणि एका दिवशी विसरलो, हेही होतं. एक ट्रक अगदी जवळून गेला, तो जाईपर्यंत मला वेळ मिळाला.

"नाही, वहिनी."

तिनं मान हलवली. तिला ते माहीत असावं, फक्त माझ्या तोंडून हवं होतं.

"हे बी लिवा त्या कागदात," ती म्हणाली आणि गल्लीत निघून गेली.

बेलापूर तिथून लांब नाही. वकील संध्याकाळपर्यंत बसतो. माझी गाडी रात्रीची होती आणि हातात अख्खी दुपार होती. मी नेरूळला जाऊन सामान आवरलं. मी हाक मारली नव्हती, हे इथं लिहिलं आहे. त्या कागदात अजून नाही.